वाघजाईच्या डोंगराची आरती

महाडला जाऊन आले म्हटलं की लोक पहिल्यांदा विचारतात, रायगड चढलात का? मग विचारतात, शिवथरची घळ तरी पाहिलीत? नाही हो, दोन्ही नाही. मी पोलादपूर तालुक्यातल्या एका डोंगरउतारावर गवत कापत होते आणि एका म्हातारीशी भांडत होते. बाकी काही बघायला सवडच झाली नाही.

मी सोलापूरची. जन्मभर सरकारी दवाखान्यात सिस्टर होते, त्यातली बरीच वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात गेली. आमच्याकडं झाड म्हणजे कडुलिंब, नाहीतर बाभूळ. आणि तिसरं म्हणजे रस्त्याच्या कडेला समारंभानं लावलेलं आणि मे महिन्यात जाळीच्या पिंजऱ्यातच वाळून गेलेलं रोप. त्यामुळं जंगल वाचवायला निघालेल्या मंडळींचा मला मनापासून वैताग आहे. फोटो काढतात, टोप्या वाटतात, घरी जातात. तेव्हा मी तिथं पोचले ती काही पुण्य कमवायला नव्हे, नसीमनं जेवायला बोलावलं म्हणून.

गावाचं नाव लिहीत नाही. ज्या बाईची ही गोष्ट आहे तिनं सांगितलंय, "लिव बाय, पन गावाचं नाव नको." तिचा शब्द मोडायचा नाही.

महाड

नसीम आणि मी एकाच वॉर्डात होतो. ती लग्न होऊन महाडला आली, नोकरी सोडली, पण दर ईदला फोन करायची मात्र सोडली नाही. माघातली थंडी होती. मी शाकाहारी, हे तिला इतक्या वर्षांनी आठवत होतं, म्हणून तिनं माझ्यासाठी तांदळाची सांदणं केली होती, वर नारळाचं दूध. आमच्या कडक भाकरी-शेंगाचटणीच्या तोंडाला ते इतकं मऊ लागलं की मी किती खाल्ली ते सांगत नाही.

जेवताना माझं लक्ष भिंतीकडं गेलं. नवा रंग दिलेला, पण माझ्या डोक्याच्याही वर एक मळकट रेघ, सगळ्या खोलीभर फिरलेली. नसीम म्हणाली, "पुरात सावित्री नदी तिथपर्यंत आली होती. कितीही रंग द्या, ती रेघ वर येतेच." हे सांगताना तिनं मान वर करून रेघेकडं पाहिलं आणि मग माझ्या ताटात वाढत राहिली.

तिचे मालक सलीमभाई, मूळचे दासगावचे. उमेदीची वर्षं आखातात ट्रेलर चालवण्यात गेली, आता महाडात स्वतःची पिकअप गाडी आहे. बोलणं धिमं, मधून मधून हिंदी. ज्या पावसात महाड बुडालं त्याच पावसात तिकडं पोलादपूरच्या बाजूला एक डोंगर वस्तीवर आला. पाणी ओसरल्यावर हे राशन भरून तिकडं गेले. "एकदा गेलो आणि मग जातच राहिलो, बाई. चिखल काढला, शेड उभी केली, मग वनखात्याच्या मॅडम म्हणाल्या की उतारावर झाडं लावायची आहेत, माती धरून ठेवायला. म्हटलं, ठीक है, गाडी माझी." आता दर रविवारी त्यांच्याबरोबर महाडची काही माणसं जातात. बँकेतला कारकून, बौद्धवाडीतले दोन शिक्षक, एक मेडिकलवाला, कॉलेजची पोरं. खातं रोपं देतं, गावची समिती पाणी घालते आणि राखण करते, ही मंडळी अंगमेहनत करतात. गावात त्यांना 'रविवारवाले' म्हणतात.

नसीम म्हणाली, "तू पण जा. तिथल्या एका पोटुशीला बघून ये. आशाताई सांगून दमली, पोरगी दवाखान्यात यायला तयार नाही. तुझ्या तोंडाला घाबरून तरी येईल." हे असं आहे. माझ्या तोंडाची कीर्ती महाडपर्यंत गेलेली.

डोंगराच्या पायथ्याशी

पोलादपूर सोडलं की आंबेनळीचा रस्ता महाबळेश्वराकडं चढायला लागतो. आम्ही त्याआधीच एका दरीत उतरलो. सावरी लालभडक फुलल्या होत्या, पण त्यांच्या मागं अर्धे डोंगर काळे. सलीमभाई म्हणाले, "ते काळं दिसतंय ना, तो गेल्या आठवड्यातला वणवा. कुणी मुद्दाम लावला, कुणाची विडी पडली, कुणाचा भाताचा राब भाजताना जाळ उडाला. अल्ला जाणे."

गाव दोन भागांत आहे, मधून एक पऱ्या, म्हणजे ओढा, जातो. पऱ्याच्या अलीकडं घरं, पलीकडं नुसती जोती. त्या जोत्यांच्या वर डोंगराचा एवढा मोठा पट्टा सोललेला, लाल. त्या लालीवर आता ठिकठिकाणी हिरवं धरलंय. बांबूची बेटं, करंजं, जांभळी, शिवण, आणि आडव्या ओळींनी लावलेला वाळा. ते हिरवं वर दिसत असतं म्हणून गावाला पावसाळ्यात झोप लागते, असं मला मागाहून कळलं.

गाडीतून उतरल्यावर पहिला कार्यक्रम झाला काडीपेट्या जमा करण्याचा. वनरक्षक जाधव मॅडम, तिशीतली मुलगी, खाकी कपड्यात, हातात पत्र्याचा डबा. ज्याच्या खिशात काडीपेटी, लायटर, जे असेल ते डब्यात टाकायचं आणि खाली उतरताना परत घ्यायचं. नियम चांगला होता. मी माझी पर्सही उघडून दाखवली.

मग गावातल्या बायका आल्या. सगळ्यांत पुढं एक म्हातारी, सगुणाबाई. काटक, काळीसावळी, कासोट्याचं लुगडं, एवढ्या वयात एवढा मोठा पांढऱ्या केसांचा अंबाडा आणि त्यावर गच्च पदर. आमच्याकडच्या बायका शेतात कामाला लागल्या की पदर कमरेला खोचतात. हिनं मात्र भर उन्हात चढतानाही डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही. मला वाटलं, जुनं वळण.

बाकीच्या बायकांना मॅडमनी नुसतं विचारलं. सगुणाबाईची मात्र पानाची चंची उघडून घेतली. पान, सुपारी, चुन्याची डबी, तंबाखू, सगळं बाहेर काढलं. मग पदराची गाठ चाचपली, ओटी चाचपली. म्हातारी हात बाजूला धरून उभी, आणि बाकी सगळे दुसरीकडं बघतायत.

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "अहो, आईच्या वयाच्या बाईची झडती घेताना काही वाटतं का तुम्हाला?"

म्हातारीच म्हणाली, "घिऊ दे गो बाय. तिचं काम हाय ते." आणि चंची कमरेला खोचून चढायला लागली.

दरड

दिवसभराचं काम होतं जाळरेषेचं. लावलेल्या उताराच्या कडेकडेनं, बैलगाडी सहज जाईल एवढा रुंद पट्टा आखलेला असतो. त्यातलं वाळलं गवत कापायचं, मधोमध ओढून ठेवायचं, आणि वारा पडलेला बघून वनखात्याची माणसं ते स्वतः पेटवतात. भोवती सगळे हिरव्या फांद्या घेऊन उभे. एकदा तो पट्टा जळून साफ झाला की वरून कितीही मोठा वणवा उतरला तरी तिथं त्याला खायला काही मिळत नाही, तो तिथंच विझतो. गावाच्या तोंडी याला नुसतं 'पट्टा' म्हणतात.

विळा मी लहानपणी धरलेला. म्हटलं, जमेल. जमलंही, आणि मग एका वेलाला टेकून जरा दम खायला बसले. पाच मिनिटांत मानेपासून मनगटापर्यंत आग. खाजकुयली! मी, म्हणजे वॉर्डात सगळ्यांना धाकात ठेवणारी सिस्टर, माकडासारखी खाजवत उड्या मारत होते आणि बँकेतला कारकून हसू दाबत होता. सगुणाबाई आली, मला खाली बसवलं आणि बायकांनी त्यासाठीच डब्यातून आणलेली राख खसाखसा चोळायला लागली.

मी म्हटलं, "अहो, जखम होईल. साबण आणा."

"डोंगरावर साबन? गप बस गो. सोलापूरला खाजकुयली नाय?"

"नाही."

"मंग गप बस."

मी गप बसले. खरं सांगते, उतार पडला. तिचे हात खरखरीत होते आणि चोळता चोळता ती मला बोटानं दाखवत होती, ते करंज माझं, तो बांबू माझा, ते जांभूळ गेल्या उन्हाळ्यात मरायला टेकलं होतं, हंड्यानं पाणी घालून जगवलं. प्रत्येक रोपाची तिला खबर. आणि माझ्या लक्षात आलं की ती जाईल तिथं कोणी ना कोणी तिच्या मागं आहे. पाणी आणायला गेली तरी एक बाई बरोबर, आडोशाला गेली तरी एक बाई बरोबर.

दुपारी तांदळाची भाकरी आणि कुळथाची पिठी सुटली. जेवून मी सलीमभाईंना बाजूला घेतलं आणि विचारलं, हा काय प्रकार आहे? त्यांनी पाण्याच्या बाटलीचं झाकण लावलं आणि सांगितलं.

या डोंगरावर वाघजाईचं ठाणं आहे. मोठं संकट आलं तर इथली जुनी माणसं तिला डोंगर पेटवायचा नवस बोलायची. काम झालं की माघात, गवत वाळल्यावर, रात्री डोंगराला आग द्यायची. चार गावांना दिसायची. त्याला इथं म्हणतात 'आरती'. दरड आली त्या रात्री सगुणाबाईचा नवरा आणि लेक सुरेखा घरात होते, ही शेजारच्या वाडीत बाळंतिणीपाशी. सकाळी येऊन बघते तर घर नाही. लोक हातानं माती उपसत होते. ही दरडीसमोर उभी राहिली आणि मोठ्यानं बोलली, "वाघजाये, माझी पोर जिती दे, तुझी आरती करीन." दुपारी सुरेखा जिवंत निघाली. नवरा निघाला तो मेलेलाच.

"पुढच्या माघापर्यंत आरती व्हायला पाहिजे होती," सलीमभाई म्हणाले. "पण तोवर इथं रोपं लागली होती. पेटवलं तर सगळं जाणार, आणि रोपं गेली तर पुढच्या पावसात माती खाली. तिला हे माहीत आहे, बाई. तीच तर सगळ्यांत जास्त पाणी घालते. पण सुरेखाचं लग्न झालं, दोन वेळा पोटातलं गेलं. म्हातारी म्हणते, देवी वसूल करतेय. आता तिसऱ्यांदा दिवस आहेत. म्हणून तिच्यावर नजर ठेवतो आम्ही. कुणालाच बरं वाटत नाही ते."

मला सकाळी मॅडमना बोललेलं आठवलं.

पत्र्याच्या शेडमध्ये

रविवारवाले ऊन उतरल्यावर एस.टी. धरायला निघाले. सलीमभाई गाडी घेऊन थांबले. मी सगुणाबाईच्या शेडवर गेले. बीपीचं यंत्र मी प्रवासात बरोबर ठेवते, जुनी खोड.

सुरेखा भिंतीला टेकून वाल सोलत होती. सातवा महिना. पाय बघूनच मला कळलं. अंगठा दाबला तर खळगा तसाच राहिला. डोकं दुखतं का म्हटलं तर म्हणाली, "कालपासून." बीपी वरचं दीडशेच्या पुढं, खालचं शंभर. वॉर्डात असते तर मी तिला उठूही दिलं नसतं.

"आत्ताच्या आत्ता महाडला चल," मी म्हटलं.

"नाय येनार," ती हळूच म्हणाली. आई बाहेर भांडी घासत होती. "सिस्टर, मी हितनं हलले की आये डोंगर पेटवील. मंग रोपं जातील, गाव जाईल, आनि तिला धरून नेतील ते वेगळंच. मी हाय म्हनून ती थांबली हाय."

तेवढ्यात सगुणाबाई हात पुसत आत आली. ऐकलं होतं तिनं. "आधी आरती," ती म्हणाली. "मंग दवाखाना. आरती केल्याबिगर दवाखाना काय करनार?"

मी तिला फाडफाड बोलले. म्हटलं, "देवी बाळं नेत नसते, बीपी नेतं."

"आनि बीपी कोन देतं?"

एवढी वर्षं वॉर्डात काढली, पण हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

ती माझ्यासमोर उकिडवी बसली. आवाज एकदम उतरला. "बाय, तू एवढी बाळंतपनं केलीस. तू सांग. दवाखान्यात नेली तर पोटातलं जगंल? तू शब्द दे. मी आरतीचं नाव काढनार नाय."

द्यावा असा फार मोह झाला. नुसतं हो म्हणायचं होतं, पोरगी गाडीत बसली असती. पण मी शब्द देऊन फसलेल्या आया पाहिल्यात. मी म्हटलं, "शब्द नाही देता येत. नेली तर जगण्याची आशा आहे. इथं ठेवली तर पोरीचंही खरं नाही." तिनं मान हलवली. रागावली नाही, पण उठलीही नाही.

तोवर सलीमभाई आणि जाधव मॅडम दारात येऊन उभे होते. मॅडम म्हणाल्या, "आजी, तुमच्याच हातची झाडं आहेत ती. मी कुणालाच डोंगर पेटवू देणार नाही. तुम्हाला पण नाही."

माझा ताबा सुटला. सगळा राग त्या पोरीवर निघाला. "पेटवू देणार नाही म्हणजे काय? मग दिवसभर आम्ही गवताचे ढीग कशाला लावले? उद्या पहाटे तुम्ही स्वतःच पेटवणार आहात ना डोंगर?"

"ती जाळरेषा आहे," मॅडम म्हणाल्या.

मग सलीमभाई खालच्या आवाजात म्हणाले, "पण डोंगरावरच आहे ना, मॅडम."

सुरेखाच्या हातातला वाल तसाच राहिला. ती आईकडं बघून म्हणाली, "आये, आरती म्हंजे तबकातली वात गो. वात पेटवायची. पट्टा ही वात, डोंगर ही देवी. देवीला कोन पेटवतं?"

"फसवायला सांगता देवीला," सगुणाबाई म्हणाली. "मी डोंगर म्हनले होते. पट्टा नव्हते म्हनले."

"मग तिलाच विचार," सुरेखा म्हणाली.

वाघजाई

विचारायचं म्हणजे कौल लावायचा. आमच्या बाजूला हे नाही. गुरव देवीच्या शिळेवर दोन बाजूंना फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. एका पोरीचं बीपी दीडशे, आणि तिनं दवाखान्यात जायचं की नाही ते एका पाकळीवर. पण दुसरा मार्ग दिसत नव्हता, म्हणून मी तोंड मिटून चालले.

देऊळ म्हणजे झाडाखाली एक घुमटी आणि शेंदूर लावलेली शिळा. गुरव म्हातारा, त्याला डोळ्यांनी कमी दिसतं, बोटांनी चाचपून त्यानं पाकळ्या लावल्या. सलीमभाई आपणहून बाहेर थांबले, पण चपला काढून. गुरवानं हात जोडले. "वाघजाये माते, सगुनीनं आरती बोलली होती. गावानं तुझा डोंगर राखायला पट्टा काढलाय. तो पट्टा हीच तुझी आरती समजून नवस फिटला असंल तर उजवा दे. नसंल तर डावा दे."

आम्ही बघत बसलो. मी देवभोळी नाही, पण माझी नजर त्या उजव्या पाकळीवरून हलेना. एकही पाकळी पडली नाही. गुरवानं पुन्हा पाणी शिंपडलं, पुन्हा गाऱ्हाणं घातलं. नाही पडली. घुमटीच्या पायरीवरचं ऊन गेलं. जाधव मॅडम एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देत होत्या.

"देत नाय," गुरव म्हणाला. "उद्या लावू."

मी उठणारच होते. उद्या म्हणजे काय, पोरगी उद्यापर्यंत... तेवढ्यात सगुणाबाई बोलली.

"उतरव फुलं. उद्या नको." ती शिळेकडं बघत होती. "ती नाय म्हनत नाय आनि हो पन म्हनत नाय. बरोबर हाय तिचं. नवस बोलताना मी कुठं तिला विचारलं होतं? माझ्याच तोंडानं बोलले. आता फेडायचा कसा ते पन मलाच बघाया सांगते." मग ती मॅडमकडं वळली. "किती वाजता लावनार गो पट्टा?"

मॅडमचा चेहरा पडला. "आजी, आग खात्याच्या माणसानंच द्यायची असते. तुमच्या हातात काडी नाही देता येत मला. नोकरी जाईल माझी."

यावरून परत थोडी घासाघीस झाली. शेवटी मॅडमनीच तोड काढली. सत्यनारायणाला यजमान पूजा करतो आणि बायको नुसता त्याच्या हाताला हात लावून बसते, पुण्य दोघांना. काडी मॅडम ओढणार, आजींनी त्यांच्या हाताला हात लावायचा. गुरव म्हणाला, चालतंय.

मी अट घातली. सुरेखाला पहाटेपर्यंत डाव्या कुशीवर झोपवायचं, मी उशाशी बसणार, आणि पट्टा विझला की त्याच पावली गाडी महाडला. डोळ्यांपुढं अंधारी आली तर देवी, पट्टा काही बघणार नाही, रात्रीच उचलून नेईन. सगुणाबाई म्हणाली, "बरं." पहिल्यांदाच माझं ऐकलं.

पट्टा

पहाटे गवतावर दंव होतं, वारा नव्हता. समितीची माणसं हिरव्या फांद्या आणि ओली पोती घेऊन पट्ट्याच्या दोन्ही अंगांना उभी राहिली. सुरेखा खाली गाडीत, माझ्याजवळ. तिथून सगळं दिसत होतं. मॅडमनी काडी ओढली. सगुणाबाईनं त्यांच्या मनगटाला हात लावला. गवत आधी नुसतं धुमसलं, मग धरलं.

आग पट्ट्यातून वर निघाली आणि म्हातारी तिच्या बरोबरीनं चालायला लागली, हात जोडून. खालून बघताना काळोखात एक उजळ रेघ डोंगराच्या कडेनं सरकत होती. सुरेखानं माझा हात घट्ट धरला होता. ती रडत होती आणि मीही रडले, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

अर्ध्याच्या वर पोचल्यावर कुठून तरी झुळूक आली. एक ठिणगी उडाली ती रोपांच्या बाजूला, आणि एका करंजाच्या बुडाशी गवत भडकलं. मी ओरडले, पण माझं कोण ऐकतंय. फांद्यावाले वळेपर्यंत म्हातारी तिथं पोचली होती. शेजारच्याच्या हातातलं ओलं पोतं ओढून घेऊन ती त्या आगीवर अशी तुटून पडली की बाकीचे जाईपर्यंत धूर उरला होता. पान करपलं, रोप वाचलं.

सगळं विझून, पाणी मारून झाल्यावर ती खाली आली. बोटाला राख लावून आणली होती. ती सुरेखाच्या कपाळाला लावली आणि मग माझ्याही. मी पुसली नाही.

सुरेखा आता महाडला दाखल आहे. नसीम रोज डबा नेते आणि रात्री मला फोन करून बीपीचा आकडा सांगते. कधी चांगला असतो, कधी नसतो. बाळाचे ठोके आज सकाळपर्यंत चांगले होते. याहून जास्त मला माहीत नाही आणि खोटा धीर मी तेव्हाही दिला नव्हता. पण मला सांगायचंय ते गाडीत बसतानाचं.

सलीमभाईंनी गाडी चालू केली. मॅडम पत्र्याच्या डब्यातून समितीच्या माणसांना ज्याच्या त्याच्या काडीपेट्या परत देत होत्या. सगुणाबाईचं पिशवीत एक लुगडं आणि चंची, एवढंच सामान. लेकीबरोबर ती दवाखान्यात राहणार होती. एक पाय गाडीत ठेवला, मग काढला आणि मॅडमपाशी गेली. डोक्यावरचा पदर मागं सारला. अंबाड्यात बोटं घातली आणि आतून एक काडीपेटी काढून त्यांच्या हातावर ठेवली.

जुनी होती. वरचं चित्र घामानं पुसून गेलेलं. मॅडमनी ती उघडली. आत काड्या गच्च भरलेल्या होत्या, एकही ओढलेली नव्हती.

"आजी, ही कधीपासून?" मॅडमनी विचारलं.

"पयल्या माघापासनं," सगुणाबाई म्हणाली. "नवस डोक्यावर होता ना गो. वर चढताना रोज वाटायचं, आज लावू. मंग रोपाला पानी घालून खाली यायची."

मॅडम ती पेटी हातात धरून उभ्या राहिल्या. डब्यात टाकली नाही, परत दिली नाही, खिशात घातली. सगुणाबाई गाडीत चढली, लेकीचं डोकं मांडीवर घेतलं आणि पोलादपूर येईपर्यंत तिनं पदर डोक्यावर घेतला नाही.